बाराशे सहा सालातली माणसं

शारजातल्या आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर उघडत नसे. ती इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडे, आणि त्या पोकळीतून सहा मजल्यांचे वास आणि आवाज दिवसभर वर येत. खालच्या मल्याळी बाईंच्या कढईत कढीपत्ता पडला की ठसका आम्हाला लागायचा. कुणाचा तरी रेडिओ, कुणाचं तरी रडणारं मूल, एसींची न थांबणारी घरघर, आणि अजान, जी त्या पोकळीत उतरताना अशी घोळून यायची की विहिरीच्या तळाशी उभं राहून कुणी हाक मारतंय असं वाटे. मी तिथे गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. विमानातून दिवे दिसले होते, मोटारीतून थोडा समुद्र दिसला होता, त्यानंतर बरेच महिने परदेश म्हणजे माझ्यासाठी ती पोकळीच होती.

माझी ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती आणि दाजी दुपारचे डबे पुरवायचे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेजं, वर्कशॉपं, गोदामं, आणि त्यात आपल्याकडची कितीतरी माणसं एकटी राहून काम करायची. त्यांना घरची पोळी लागायची. ताई भाज्या करी, मी पोळ्या. पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं, आणि अकराच्या सुमारास दाजी डबे पिकअपमध्ये भरताना जिन्यातूनच ओरडायचे, "यल्ला विमल, खलास कर आता. उशीर झाला तर ती माणसं मलाच खातील, तेही ठेच्याशी." ठेचा मी करायची, खानदेशातला, हिरव्या मिरचीचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा. गाडी गेली की घरात एकदम शांतता पसरायची. पडद्यातून पांढरं ऊन आत यायचं आणि त्यात पिठाचे कण तरंगत राहायचे. मी ओट्याला टेकून ते बघत बसे. आता नाशकातल्या घरात माझ्या स्वयंपाकघराला चांगली दोन खिडक्यांची हवा आहे, पण तशी दुपार इथे कधी होत नाही.

ताईनं मला नेलं ते कामाला मदत म्हणून आणि माझं लग्न तिकडे जमवावं म्हणून. त्यात एक अडचण होती. मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा आमच्या गावात नव्हती, दुसऱ्या गावाला जायचं तर मधे नाला, आणि घरी वडलांच्या तेलाच्या घाण्यावर हात कमी पडत होते. तर मी घरी राहिले. ताईनं शारजात सगळ्यांना सांगितलं होतं की बहीण बारावी आहे.

"इथे चौथी म्हटलं ना, की लोक चहा पितात आणि दुसऱ्या मुलींची चौकशी करतात," ती मला म्हणाली. "बारावी म्हणायचं. मार्कशीट कोण मागतंय?"

"खोटंच सांगायचं तर सायन्स तरी सांग," दाजी म्हणाले.

मी तेव्हा फारसं बोलतच नसे. घरात कोणी आलं की मी आत असायची, आणि आत काम नेहमी असायचंच.

ताईची मुलगी केतकी अकरा वर्षांची होती. ती दोन वाजता शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि ओट्याशेजारच्या उंच स्टुलावर बसून गरम पोळीचा तूपसाखर लावलेला रोल खायची. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मधल्या हिंदीत आमचं सगळं नीट चालायचं. एका दुपारी ती आली ती रडवेली. इतिहासाच्या बाईंनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, प्रत्येक चिठ्ठीवर मध्ययुगातलं एक साल. ज्याला जे साल येईल त्यानं त्या एका सालात युरोपात आणि आशियात कुठे काय झालं त्याचा तक्ता करायचा, आणि प्रत्येक गोष्टीखाली ती कुठून मिळाली ते लिहायचं.

"माझ्या फ्रेंडला प्लेग मिळाला," केतकी म्हणाली. "आय गॉट ट्वेल्व्ह-ओ-सिक्स. नोबडी हॅज हर्ड ऑफ इट."

तिच्याएवढं मलाही वाईट वाटलं. ज्या सालाचं कोणी नाव काढत नाही ते साल वाट्याला येणं म्हणजे काय, ते मला समजत होतं.

पण त्या सालात माणसं होती. केतकी लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायची आणि स्टुलावर बसून मला सांगायची, आणि मी लाटत लाटत ऐकायची. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नसत, म्हणून मी त्यांना माझी नावं दिली. पहिला तंबूवाला. फार लांब, गवताच्या देशात, सगळ्या टोळ्या एका नदीकाठी जमल्या, घोड्यांच्या शेपट्यांचं पांढरं निशाण उभं केलं आणि त्याला आपला सगळ्यांचा राजा म्हणाल्या. त्याच्या तंबूंवर कापड नसे, लोकर कुटून केलेलं जाड नमदं असे. दुसरा दिल्लीचा. तो लहानपणी बाजारात विकला गेलेला गुलाम. त्याच्या धन्याला सिंधू नदीकाठी तंबूत कुणी मारलं आणि हा गुलाम दिल्लीचा मालक झाला. तिसरा घड्याळवाला. तो तुर्कस्तानाच्या बाजूला एका राजाच्या पदरी होता, आणि त्यानं त्या साली आपल्या सगळ्या यंत्रांचं पुस्तक लिहून पुरं केलं. हत्तीच्या पाठीवर घड्याळ, त्यात पक्षी, त्यात साप. आणि एक यंत्र असं, की राजा हात धुवायला आला की आतून लाकडाची दासी पाणी ओतणार आणि मग टॉवेल पुढे करणार. ते ऐकून ताई म्हणाली, "मला दे ती. जेवायला घालीन."

चौथा मला सगळ्यात जवळचा. इटलीतल्या एका कापडवाल्याचा मुलगा. पडकं देऊळ दुरुस्त करायचं म्हणून त्यानं बापाचं कापड विकलं. बापानं त्याला ओढत धर्मगुरूसमोर उभं केलं. तर मुलानं अंगावरचे होते नव्हते तेवढे कपडे काढले, त्यांची घडी केली आणि बापाच्या पायाशी ठेवली. घडीचं मी माझ्या मनानं घातलं होतं. पुस्तकात ते नव्हतं.

"दुकानदार कापडाचा आणि पोरगा उघडा," दाजी म्हणाले.

"त्याची आई कुठे होती?" ताईनं विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्या महिन्यात मी कधी एकटी नव्हते. कणीक भिजवताना डावीकडे गवताचा देश असायचा, घोड्यांचा वास यायचा. पोळी फुगली की मला तंबू दिसायचा. दुपारच्या उन्हात तरंगणाऱ्या पिठात मी त्या चौघांना एकाच दिवशी उठताना बघे: एक घोड्यावर बसतोय, एक गादीवर, एक चाकाला तेल देतोय, एक अनवाणी बर्फातून निघालाय. मी केतकीला विचारलं, "यांना एकमेकांचं काही माहीत होतं का गं?"

"नो, मावशी. हाऊ वुड दे?"

मला ते फार नवल वाटलं. एकाच दिवसाचं ऊन अंगावर घेऊन कुणालाच कुणाचं काही ठाऊक नाही. मग आमच्या पोकळीतल्या सहा मजल्यांकडे बघितलं आणि नवल जरा कमी झालं.

आणि मग मी विचारलं, "आपल्याकडे काय झालं त्या साली?"

केतकीनं पुस्तकं चाळली. आपल्याकडचं काही नव्हतं. दिल्लीच्या खाली नकाशा कोरा होता.

ओट्याच्या वर भिंतीला दोन कॅलेंडरं होती. एक खालच्या सुपरमार्केटनं दिलेलं, हिजरी आणि इंग्रजी सन असलेलं. दुसरं वडील दर वर्षी कुणाबरोबर तरी पाठवायचे ते मराठी, तिथ्या, वार आणि शके असलेलं. केतकी कधी कधी विचारायची, की एका भिंतीवर तीन वर्षं कशी, खरं कुठलं. दाजी म्हणायचे, "ज्याचा पगार ज्या कॅलेंडरावर, त्याचं ते खरं." त्या दुपारी मी नुसतीच त्या कॅलेंडराकडे बघत होते आणि शके हा शब्द डोळ्यात भरला, आणि माझ्या कानात मुलांचा गोंगाट सुरू झाला. अकराशे अठ्ठावीस, अकराशे अठ्ठावीस.

चौथीत असताना आमची सहल पाटणला गेली होती. चाळीसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला देवीचं देऊळ आहे, आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. तिथे भिंतीत एक कोरलेला दगड आहे. गुरुजींनी आम्हाला त्याच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, की फार पूर्वी एका मोठ्या गणितज्ञाच्या नातवानं इथे मठ काढला, आजोबांची पुस्तकं पोरांना शिकवायला. शाळाच ती. तिला कोणी काय द्यायचं ते या दगडावर कोरलंय, आणि त्यातल्या खालच्या ओळी आपल्या मराठीत आहेत. गावातल्या प्रत्येक घाण्यानं एक एक पळी तेल द्यायचं. श्रावणातल्या पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं, तेव्हा हे दान दिलं. मग ते म्हणाले, "तेल्याची कोण आहे आपल्यात? विमल, ये पुढे." आणि त्यांनी माझं बोट धरून त्या अक्षरांत फिरवलं. दगड थंड होता, अक्षराच्या आत माती होती. शके अकराशे अठ्ठावीस. परतताना ट्रॉलीतली पोरं ते घोषणेसारखं ओरडत आली, गाव येईपर्यंत.

मी कॅलेंडरावरच्या इंग्रजी सनातून शके वजा केलं. अठ्ठ्याहत्तर उरले. ओट्यावर पीठ पसरलेलं होतं, त्यातच बोटानं अकराशे अठ्ठावीस लिहिलं, खाली अठ्ठ्याहत्तर, आणि बेरीज केली. आलेला आकडा मी बराच वेळ पुसला नाही. केतकी स्टुलावरून वाकून बघत होती.

"ट्वेल्व्ह-ओ-सिक्स," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "मावशी, हे तू कसं केलंस?"

(इथे एक सांगायला हवं. पुढे बऱ्याच वर्षांनी मला एका वाचनालयातल्या सरांकडून कळलं, की त्या दगडावरचं संवत्सराचं नाव एक वर्ष पुढचं आहे आणि त्यावरून जाणकारांत वाद आहे. बाराशे सात असेलही. म्हणजे माझे तेली बाकीच्या चौघांना एका वर्षानं चुकले असतील. मी त्यांना अजून एकत्रच धरते.)

तक्ता करायला दहा दिवस लागले. मोठ्या कागदावर केतकीनं नकाशा काढला आणि माणसं मी काढली, रांगोळी काढतात तशी, ठिपके देऊन. पाटणला मी देऊळ, दगड आणि पळी हातात धरलेला एक माणूस काढला. केतकीनं चंद्र काढला. ग्रहण अर्ध्या जगाला एकदम दिसतं असं तिनं सांगितलं, म्हणून तो चंद्र आम्ही सगळ्यांच्या वर मधोमध ठेवला, ज्याला हवा त्यानं बघावा.

त्याच सुमारास ताईच्या डोक्यात एक बेत शिजत होता. पुण्याच्या एक काकू दुबईत राहायच्या. त्यांचा मुलगा केतकीच्याच शाळेत होता आणि त्यांचा पुतण्या दिलीप शारजात एसीच्या हवेचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. मुलगी दाखवायला म्हणून घरी बोलावलं आणि नाही जमलं की चार घरांत बोललं जातं. त्यापेक्षा शाळेचं प्रदर्शन आहे, सगळेच पालक येतात, तिथे सहज गाठ पडावी असं ठरलं. काकूंना बारावी सांगितलेलं होतंच. दिलीपला मी एकदा गणपतीच्या जेवणात पाहिलं होतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तो काही न बोलता ताटं गोळा करत होता, बायकांची सुद्धा. मला तो आवडला होता. हे मी ताईला सांगितलं नव्हतं, पण प्रदर्शनाच्या दिवशी, गुरुवारी सकाळी मी माझी एकमेव रेशमी साडी स्वतःहून काढली तेव्हा तिला ते कळलं असणार. ती माझ्या निऱ्या नीट करत म्हणाली, "फार बोलू नकोस." मग तिलाच हसू आलं.

शाळेच्या हॉलमध्ये थंडी वाजेल एवढा एसी होता. तक्ते रांगेनं टांगलेले, प्रत्येकापुढे मूल उभं. काकू आणि दिलीप आले. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग तक्त्याकडे वळल्या. दिलीप हात मागे बांधून तक्त्यासमोर उभा राहिला आणि बराच वेळ पाटणच्या दगडाकडे बघत राहिला.

"हा दगड तुम्ही पाहिलाय?" त्यानं मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. त्या दिवसातला माझा तो पहिला शब्द.

काकू चष्मा लावून चित्रांखालच्या इंग्रजी ओळी वाचत होत्या. दगडाखालच्या ओळीशी थांबल्या आणि मोठ्यानं मराठी करून म्हणाल्या, "माहिती कुठून मिळाली: माझी मावशी, बारावी पास."

केतकीनं ते लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव नाही म्हटल्यावर बाई ऐकणार नाहीत, म्हणून वजन यावं यासाठी. ताई सगळ्यांना सांगायची तेच तिनं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघून हसत होती, खुशीत.

"बारावीच्या पुस्तकात होतं वाटतं?" काकू म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हतं हो."

तेवढ्यात इतिहासाच्या बाई आल्या. त्या हैदराबादच्या. त्यांनीही ती ओळ वाचली. "आंटी का नाम ठीक है, पर किताब का नाम चाहिए," त्या मला म्हणाल्या. "बारहवीं की टेक्स्टबुक में है तो मैं वही लिख देती हूँ. किताब नहीं है तो इसके मार्क्स नहीं मिलेंगे."

ताई माझ्याकडे बघत होती. तिनं मान अगदी थोडी हलवली, हो म्हण अशी. फक्त हो म्हणायचं होतं. केतकीचे मार्क, ताईचा शब्द, तो माणूस, सगळं त्या एका हो मध्ये बसत होतं. मी तोंड उघडलंही. पण मला गुरुजींनी धरलेलं बोट आठवलं, आणि वाटलं की आता बारावी म्हटलं तर तो दगड मी पाहिलेलाच नाही असं होईल. बारावीतली कुणी दुसरीच मुलगी तिथे उभी राहील आणि मी ट्रॉलीतून खाली पडेन.

"किताब में नहीं है," मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक होता, बाईंनी कान जवळ आणला. "चौथी में थी, तब सहल गई थी. पत्थर पे हाथ लगाया था. फिर मैं स्कूल नहीं गई." आणि मग काकूंकडे बघून मराठीत, कारण त्यांना कळायलाच हवं होतं, "मी चौथी शिकलेय, काकू."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पर्समध्ये ठेवला. "असं का," म्हणाल्या. मग म्हणाल्या की चिरंजीवांचा तक्ता पलीकडच्या रांगेत आहे, तो बघायला हवा. दिलीप त्यांच्या मागे गेला. रांगेच्या टोकाला त्यानं एकदा वळून बघितलं, पण तक्त्याकडे की माझ्याकडे ते मला कधी समजलं नाही. बाईंनी दगडाखाली एक पिवळी चिठ्ठी टाचली, पडताळणी बाकी म्हणून, आणि पुढे गेल्या.

परतताना रस्ता नेहमीसारखा तुंबला होता. गाडीत ताई म्हणाली, "एक हो म्हणायला काय जात होतं तुझं?" तिच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी होतं हे मला माहीत होतं. मागच्या सीटवर केतकी माझ्या पदराला धरून बसली होती. "सॉरी, मावशी," ती म्हणाली. "यू नेव्हर टोल्ड मी." तिलाही कोणी खरं सांगितलेलं नव्हतं. दाजी समोर बघत म्हणाले, "चला, म्हणजे दगडाची आणि मेव्हणीची, दोघांची पडताळणी बाकी." ताई त्यांच्यावर चिडली, आणि तेवढ्यानं गाडीतली हवा जरा हलली.

आठवडा गेला. दुसरा गेला. पोळ्या लाटताना ती चौघं माणसं येईनाशी झाली. तक्ता संपला म्हणून असेल. मी फोन वाजला की हात थांबवायची. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. त्या ताईशी फार गोड बोलल्या, मुलगी छान आहे म्हणाल्या, पण काय करणार, पत्रिका जुळत नाही.

ताईनं फोन ठेवला आणि दाजींना सांगितलं. दाजी डबे मोजत होते. "पत्रिका? आपण पत्रिका दिलीच कुठे होती?"

ताई हसायला लागली, ओट्याला धरून हसली, आणि हसता हसता रडली. मी तिला पाणी दिलं. मला रडू दुपारी आलं, घर रिकामं झाल्यावर. ते मी लिहीत नाही.

त्यानंतर वर्षभर माझ्यासाठी कोणाचा फोन आला नाही. मग औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमधून आला. मालेगावकडचा माणूस, एसी दुरुस्त करायचा, दोन वर्षं आमच्याकडचा डबा खात होता, आणि दाजींकडे त्यानं ठेचा कोण करतं अशी चौकशी केली होती. दुपारची वेळ होती. ताईनं रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला, मला ऐकू जावं म्हणून, आणि नमस्कार चमत्कार व्हायच्या आधीच म्हणाली, "हे बघा, आधीच सांगते. मुलगी चौथी शिकलेली आहे. फक्त चौथी."

तिकडून कुठलं तरी यंत्र चालू होतं त्याचा आवाज येत राहिला. मी कणकेतले हात तसेच धरून उभी होते.

"माझी आठवी झालीय," तो म्हणाला. "ती पण दोनदा बसून."